मॉर्गेसचा हिशोब : प्रकल्प नोंदी

४ जून

सुरू केलं एकदाचं. रॉबर्ट जॉर्डनची द व्हील ऑफ टाइम ही चौदा पुस्तकांची काल्पनिक, जादूच्या जगातली मालिका, पहिलं पुस्तक १९९० चं आणि शेवटचं २०१३ चं, त्यातली फक्त राणी मॉर्गेस ट्राकँड पकडून वाचायची आणि तिने घेतलेला प्रत्येक निर्णय एका शीटमध्ये टाकायचा. शेवटी त्यातून एक मोठा लेख. कारण सोपं आहे. मॉर्गेसचं नाव निघालं की लोक एकच वाक्य म्हणतात, "मूर्ख राणी, राज्य सोडून पळाली आणि शत्रूच्या दारात जाऊन बसली." मी पण पहिल्यांदा वाचताना हेच म्हटलं होतं. तेव्हा मी चिडून तिची चॅप्टर्स भराभर उलटली होती, आता ते बरोबर वाटत नाही.

कॉलम सध्या चार. निर्णय काय, कुठल्या पुस्तकात, परिणाम काय, माझं मत.

६ जून

ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी लेखात वर थोडी ओळख लागेल, ती इथेच लिहून ठेवते. मॉर्गेस ही अँडोर देशाची राणी, राजधानी केमलिन, गादीचं नाव लायन थ्रोन म्हणजे शब्दशः सिंहासनच. अँडोरमध्ये गादी फक्त बाईकडे जाते. मॉर्गेसला ती आयती मिळालेली नाही, आधीची युवराज्ञी टिग्रेन अचानक गायब झाली, मग राणी वारली, मग घराण्याघराण्यांत वारसाचं भांडण पेटलं आणि त्यातून ही वर आली. लग्न टॅरिंगेल डॅमोड्रेडशी, म्हणजे टिग्रेनच्याच नवऱ्याशी. टिग्रेनचा मुलगा गॅलड हा हिचा सावत्र मुलगा, आणि स्वतःची दोन मुलं, गॉविन आणि एलेन. एलेन वारस.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे ही बाई राजकारणात कच्ची नव्हती. कच्ची असती तर पहिल्या वर्षीच संपली असती.

९ जून

पहिलं पुस्तक. मॉर्गेस इथे अगदी थोडी आहे पण तो एक प्रसंग मी आज तीनदा वाचला. रँड हा खेड्यातला पोरगा, मालिकेचा नायक, पकडून आणलेला खोटा ड्रॅगन (स्वतःला भाकितातला ड्रॅगन म्हणवणारा) लोगेन बघायला भिंतीवर चढतो आणि तोल जाऊन सरळ राजवाड्याच्या बागेत पडतो, एलेनच्या पुढ्यात. त्याला राणीसमोर उभं करतात. कमरेला बगळ्याची खूण असलेली तलवार, जी मोठ्या तलवारबाजाकडेच असते. वर एलायडा, राणीची सल्लागार आणि आएस सेदाई म्हणजे जादूची शक्ती वापरणाऱ्या बायकांपैकी एक, तिथल्या तिथे भविष्य सांगते की जगावर दुःख आणि फूट येणार आणि हा माणूस त्याच्या मधोमध उभा असणार. शहरात आधीच तणाव, राणीच्या बाजूचे लाल फडकं बांधून फिरतायत, विरोधातले पांढरं.

अशा वेळी कुठलाही राजा काय करेल? आत टाकेल. मॉर्गेस त्याला सोडून देते. भीती आहे, तिला स्वतःलाही आहे, पण पुरावा नाही. समोर जे दिसतंय त्यावरून हा टू रिव्हर्सचा, अँडोरच्याच एका दूरच्या भागातला, एक पोरगा आहे, बस.

मला वाटतं मोजपट्टी हीच घ्यावी. तिने रँडला जसं तोललं तसंच तिला तोलायचं, म्हणजे त्या क्षणी समोर काय होतं त्यावरून. पाचवा कॉलम टाकला, "तेव्हा तिला काय माहीत होतं".

१३ जून

तिसरं पुस्तक. इथे लॉर्ड गेब्रिल आलेला आहे. रँडचा मित्र मॅट एलेनचं पत्र घेऊन येतो (रँडने सांगितलेल्या त्याच भिंतीवरून, हे मला फार आवडतं) आणि राणी त्याच्याशी बोलते खरी पण प्रत्येक गोष्टीत गेब्रिलकडे बघते. पहिल्या पुस्तकातली बाई आणि ही बाई एक वाटतच नाही. वाचकाला हळूहळू कळतं की गेब्रिल म्हणजे राहविन, फोरसेकन म्हणजे अंधाराच्या बाजूच्या जुन्या जादूगारांपैकी एक, आणि त्याने तिच्या मनावर कंपल्शन टाकलंय. कंपल्शन म्हणजे समोरच्याच्या इच्छेलाच वळण लावणारी शक्ती. दोरीने बांधलेल्याला निदान दोरी दिसते. इथे माणसाला वाटतं की आपल्याला हेच हवंय.

या काळात तिच्या सहीने आणि तिच्या तोंडून काय काय झालं त्याची यादी : सेनापती गॅरेथ ब्राइनला दूर केलं. जुनी विश्वासू घराणी, पेलिव्हार, अबेल, लुअन, अ‍ॅराथेल, एम्लिन, यांना दरबारातून घालवलं. एलोरिएनने कारण विचारलं म्हणून तिला चाबकाचे फटके. आणि गेब्रिलच्या खुशमस्कऱ्यांना वर आणलं.

या सगळ्या ओळी शीटमध्ये करड्या रंगाच्या केल्या. अर्थ, तिचे निर्णय नाहीत, हिशोबात धरायचे नाहीत.

१४ जून

दादाला शीट दाखवली. त्याने ही मालिका माझ्या कितीतरी आधी वाचलीये, त्या काळात एकेका पुस्तकासाठी दोन दोन वर्षं थांबून. तो म्हणाला, "करड्या रंगाने एलोरिएनची पाठ बरी होणार आहे का?" मी म्हटलं, "अरे पण तिने केलंच नाही ना ते." तो म्हणाला, "तिने केलं नाही हे तुला माहितीय."

तेव्हा मला त्याचं बोलणं नीट कळलं नाही. लिहून ठेवतेय.

१९ जून

पाचवं पुस्तक, १९९३ चं. सुटकेचं चॅप्टर. याच्यावर पाच दिवस गेले आणि ते जायलाच हवे होते.

झालं असं की टू रिव्हर्समध्ये बंड झाल्याची बातमी तिच्यापर्यंत पोचते, टालनव्होर हा गार्डमधला तरुण अधिकारी रागाने तिच्या तोंडावर बोलतो, आणि तिच्या डोक्यातलं धुकं कुठेतरी फाटतं. मग ती हळूहळू मागे बघायला लागते की मी कुणाकुणाला हाकललं, का हाकललं, आणि तिला कारणच सापडत नाही. तिची म्हातारी दाई लिनी सोबत असते. राजवाड्यातून साध्या कपड्यांत निघते, द क्वीन्स ब्लेसिंग नावाच्या खानावळीत बेसल गिलकडे जाते, आणि तिथून टालनव्होर, गिल, लिनी, लॅमग्विन, ब्रिएन एवढ्या मोजक्या माणसांना घेऊन शहराबाहेर. हा निर्णय पूर्ण तिचा. आणि माझ्या मते पूर्ण बरोबर. राहिली असती तर दोनच दिवसांत परत तेच हसू चेहऱ्यावर आलं असतं.

एवढं तर लोकही मान्य करतात. वाद पुढे आहे. बाहेर पडल्यावर ती आपल्याच घराण्यांकडे का गेली नाही, आणि अमाडिसियाला, परक्या मुलखात, व्हाइटक्लोक लोकांच्या अंगणात का गेली. व्हाइटक्लोक म्हणजे चिल्ड्रन ऑफ द लाइट, आएस सेदाई दिसली की डार्कफ्रेंड म्हणजे अंधाराची साथीदार म्हणणारी फौज, आणि मॉर्गेस स्वतः तरुणपणी व्हाइट टॉवरमध्ये, आएस सेदाईंच्या केंद्रात, शिकलेली, थोडीशी का होईना चॅनल करू शकणारी, म्हणजे ती शक्ती वापरू शकणारी.

माझं पहिलं मत (शीटमध्ये लाल) : मोठी चूक. आधी पेलिव्हारचं दार वाजवायला हवं होतं.

२१ जून

लाल रंग काढला नाही पण शेजारी प्रश्नचिन्ह टाकलं. दुसऱ्या बाजूने तपासून बघितलं, ही घराणी पुढे काय करतात ते. सहाव्या पुस्तकात रँड त्यांच्यातल्या काहींना भेटतो तेव्हा एलोरिएन स्वतः फटक्यांचा विषय काढते, जखम ताजी आहे. मग एलेन परत येऊन गादीसाठी झगडते, एकोणीस मोठ्या घराण्यांपैकी दहा तरी पाठीशी हवीत, आणि ही सगळी मंडळी कितीतरी काळ बाजूलाच उभी. ट्राकँड नाव ऐकलं की तोंड फिरवतात. अकराव्या पुस्तकात शेवटी डायलिन या दुसऱ्या एका घराण्याच्या प्रमुख बाईमुळे लुअन, अबेल, पेलिव्हार, अ‍ॅराथेल, एम्लिन एलेनच्या बाजूने येतात. एलोरिएन येत नाही.

म्हणजे मॉर्गेसची भीती एका बाबतीत तंतोतंत खरी आणि पाच बाबतींत कदाचित खोटी. कदाचित, कारण ते पाच जण मुलीसाठी आले, आईसाठी आले असते का हे यातून ठरत नाही. मुलीने त्यांना फटके मारले नव्हते.

२६ जून

सहावं पुस्तक, अमाडोर, म्हणजे अमाडिसियाची राजधानी. आधी ती राजा आयलरॉनकडे मदत मागते, पण खरी सत्ता पेड्रन नियालच्या हातात, तो चिल्ड्रनचा प्रमुख. तो तिला फोर्ट्रेस ऑफ द लाइटमध्ये हलवतो. पाहुणी म्हणून, आणि दाराला पहारा. नियाल वाईट माणूस म्हणून लिहिलेला नाही, म्हणून जास्त धोकादायक आहे. तो तिच्याशी अदबीने बोलतो आणि एकेक दार बंद करत जातो.

ती बराच काळ नियालच्या करारावर सही करत नाही, हे लोक विसरतात. मग पेत्र कोनेल नावाचा एक अँडोरचा पोरगा तिला पळवून न्यायची योजना आणतो, आणि एके दिवशी तिला खिडकीतून दिसतं की तो आणि त्याचा मामा फासावर लटकलेत. तिला वाटतं आपल्यामुळे. त्यानंतर ती सही करते, आणि त्या करारात चिल्ड्रनना केमलिनमध्ये जागा आणि अँडोरच्या कायद्याबाहेरची स्वतःची कोर्टं. खरं म्हणजे तो पोरगा डार्कफ्रेंड होता आणि फाशी त्यासाठी होती. हे आपल्याला कळतं, तिला कळत नाही.

इथे थांबले. "तेव्हा तिला काय माहीत होतं" हा कॉलम मी या ओळीत नीट भरला, तिच्या समजुतीप्रमाणे दोन माणसं तिच्यासाठी मेली. सुटकेच्या ओळीत मात्र तोच कॉलम मी कसा भरलाय ते वर जाऊन बघितलं. तिथे लिहिलंय, "गेब्रिलने कंपल्शन टाकलं होतं."

तिला कुठे माहितीय ते!

२७ जून

रात्रभर हेच डोक्यात होतं. दादा १४ तारखेला हेच म्हणत होता.

गेब्रिल हा राहविन होता हे मॉर्गेसला फार उशिरा, जवळजवळ शेवटाला कळतं. मधली सगळी पुस्तकं ती काय समजून जगतेय? की मी एका माणसाच्या इतकी नादी लागले की जिवाभावाची माणसं हाकलली, मैत्रिणीला चाबकाने मारायला लावलं, आणि हे सगळं मीच केलं, माझ्या मर्जीने. आपण वाचक तिला पहिल्या मिनिटाला निर्दोष सोडून देतो, पण तो निकाल तिला कुणी कळवतच नाही. करडा रंग माझ्या शीटमध्ये आहे, तिच्या डोक्यात त्या ओळी रक्ताच्या आहेत.

मग पेलिव्हारचं दार का वाजवलं नाही हा प्रश्नच बदलतो. आपण ज्याच्या घरावर उलटलो, आणि का उलटलो हे आपल्यालाही सांगता येत नाही, त्याच्या दारात उभं राहून बोलायचं काय? "माझं चुकलं" एवढं म्हणून पुढे "आता माझ्यासाठी सैन्य काढ" असं? परक्याकडे जाणं तिला सोपं वाटलं कारण परक्याला तिने काही केलेलं नव्हतं. मी हे चांगला निर्णय म्हणत नाहीये. व्हाइटक्लोककडे जाणं मला अजूनही चूकच वाटतं, नियाल काय मागणार हे तिच्यासारख्या मुरलेल्या राणीला आधी दिसायला हवं होतं. पण ही चूक लाजेतून आली, मूर्खपणातून नाही, आणि ती लाज दुसऱ्याच कुणीतरी तिच्या आत ठेवून दिलेली होती.

सगळा पाचवा कॉलम पुसून पहिल्यापासून भरायला घेतला.

१ जुलै

नियालचा खून, ईमन वाल्डा प्रमुख. वाल्डाने तिच्यावर जे लादलं ते शीटमध्ये "निर्णय" म्हणून आधी मी टाकलं होतं कारण पुस्तकात ती "हो" म्हणते. ओळ काढून टाकली. धमकी देऊन मिळवलेला हो निर्णयांच्या यादीत बसत नाही, आणि त्यावर मत द्यायचा अधिकार मला तरी नाही. एवढंच नोंदवते की अकराव्या पुस्तकाच्या सुरुवातीला गॅलड याच कारणासाठी वाल्डाला द्वंद्वात मारतो, आई मेली असं समजून.

३ जुलै

सातवं पुस्तक, समुद्रापलीकडून आलेल्या शॉनचन फौजा अमाडोर घेतात. आणि यातच राज्यत्याग. मोजक्या माणसांसमोर, स्वतःच्या इच्छेने, एलेनच्या नावाने ती सिंहासन सोडते. परत घेता न येणारे शब्द.

मला हा तिचा सगळ्यात मोठा निर्णय वाटतो आणि बरोबरही. आपलं नाव आता मुलीच्या गळ्यातला दगड झालंय हे तिने ओळखलं. किती सत्ताधाऱ्यांना हे ओळखता येतं? पण साक्षीदार कोण तर दाई, खानावळवाला, एक सैनिक. केमलिनला निरोप नाही. जगाच्या दृष्टीने ती मेलेलीच आहे आणि ते तिने तसंच राहू दिलं.

त्याची किंमत मोठी होती. ती मेली ही बातमी ऐकूनच रँड केमलिनवर तुटून पडला आणि राहविनला संपवलं, हे तर तिच्या हातात नव्हतं. पण गॉविन, तिचा स्वतःचा मुलगा, रँडने आईला मारलं असं धरून बसतो आणि पुस्तकंच्या पुस्तकं तो विखार घेऊन फिरतो. एक ओळीचं पत्र पुरलं असतं.

५ जुलै

परवाची शेवटची ओळ घाईची होती. पत्र कधी पाठवता आलं असतं ते पानं उलटून बघितलं. किल्ल्यात पहारा. मग नियालचा सचिव बाल्वर याच्या मदतीने सुटका. आठव्या पुस्तकात पेरिनची गाठ पडते आणि ती मायदिन नाव घेऊन त्याची बायको फायील हिची दासी होते. पेरिन रँडचा मित्र, त्याच्या छावणीत क्षणात दुसऱ्या शहरात जायचा रस्ता उघडणारे आशामान, म्हणजे चॅनल करणारे पुरुष. इथे पाठवता आलं असतं. मला आठवणीत हा काळ कितीतरी महिन्यांचा वाटत होता, प्रत्यक्षात त्याच पुस्तकाच्या शेवटी शायडो टोळीवाले तिला फायीलसोबत पकडून नेतात. म्हणजे थोडेच दिवस. मग थेट अकराव्या पुस्तकापर्यंत कैद, पांढरे कपडे, दुसऱ्याची धुणी.

त्या कैदेतला एक प्रसंग लेखात हवाच. पडक्या इमारतीखाली या बायका अडकतात आणि मॉर्गेस, जिची शक्ती इतकी कमी की व्हाइट टॉवरने तिला परत पाठवलं होतं, ती सगळा जीव एकवटून एक कापड हलवते, बाहेरच्याला दिसावं म्हणून. तेवढ्याने सगळ्या वाचतात.

सुटल्यावर मात्र वेळ होता, आणि ती तरीही गप्प. हे मी तिच्या खात्यावर टाकते. कारण समजतं, मान्य होत नाही.

१० जुलै

तेरावं पुस्तक, २०१० चं. जॉर्डन २००७ साली वारले आणि शेवटची तीन पुस्तकं ब्रँडन सँडरसनने पूर्ण केली. दादाने हिशोब करून सांगितलं, १९९३ ला ती राजवाड्यातून निघाली आणि २०१० ला एलेनला कळलं की आई जिवंत आहे. वाचकांसाठी सतरा वर्षं.

गॅलड तिला ओळखतो, सगळं उघड होतं. फायीलला राग येतो आणि तो योग्य आहे, फसवलं तर होतंच. आणि मग व्हाइटक्लोक मारल्याबद्दल पेरिनवर खटला चालवायचा ठरतो आणि न्यायाधीश म्हणून बसते मॉर्गेस. एका बाजूला आता व्हाइटक्लोकचा प्रमुख झालेला सावत्र मुलगा, दुसऱ्या बाजूला तो माणूस ज्याच्या घरात तिने चहा वाढला.

ती दोघांनाही सांभाळत नाही. पेरिनने मारलं हे खरं, म्हणून दोषी. पण त्या वेळी अँडोरच्या भूमीवर चिल्ड्रनना काही अधिकार नव्हता, ते कामाविना फिरणाऱ्या भाडोत्री सैनिकांसारखेच, म्हणून गुन्ह्याचं वजन वेगळं. ज्या लोकांना तिने भीतीपोटी कायद्याबाहेरची कोर्टं सही करून दिली होती त्यांच्यासमोर बसून ती सांगते की अँडोरमध्ये कायदा अँडोरचाच. मी इथे पुस्तक खाली ठेवलं आणि थोडा वेळ नुसतीच बसले. बागेत पडलेल्या पोराला सोडणारी बाई परत आली होती, मधल्या सगळ्यातून जाऊन.

१२ जुलै

अजून एक. त्याच पुस्तकात पेरिन कंटाळून टालनव्होरला आणि तिला म्हणतो की झालं, तुमचं लग्न लागलं. ती ठाम नाही म्हणते. टालनव्होरवर तिचं प्रेम आहे तरी. गेब्रिलने प्रेम लादलं, वाल्डाने शरीर लादलं, आता चांगल्या मनाने का होईना कुणी नवरा लादत होतं, आणि तिने थांबवलं. नंतर स्वतः येऊन सांगते, आता लावा.

शीटमध्ये या दोन ओळी हिरव्या केल्या आणि सुटकेच्या ओळीला जोडल्या.

१५ जुलै

लेखाचा क्रम ठरला. सुरुवात बागेतल्या न्यायाने, मग थेट पेरिनचा खटला, आणि मग मागे जाऊन मधली सगळी वाट. व्हाइटक्लोककडे जाणं, चूक. सही, दबावाखाली, अर्धी. राज्यत्याग, बरोबर. शेवटचं मौन, चूक, आणि तिच्या सगळ्या चुकांत मला ही जास्त लागते कारण इथे कुणाचाच पहारा नव्हता.

एलोरिएनची ओळ करडी होती ती पिवळी केली. दादा म्हणतो लाल कर, मी म्हणते लाल नाही. तिने दिलेला हुकूम नव्हता, पण आवाज तिचा होता, आणि एलोरिएनने ऐकला तो आवाजच. कच्चा खर्डा उद्या दादाला देते, त्या एका परिच्छेदाची जागा तेवढी रिकामी ठेवलीये.